धायटीची फुले धुवायची नसतात

आमच्या घरात एका वस्तूला विटाळ नव्हता. बाकी सगळ्याला होता. बाजारातून आलेली भाजी विहिरीवर धुतल्याशिवाय आत येत नसे, दुधाच्या तांब्यावर पाणी शिंपडले जाई, पोस्टमनने दिलेले पाकीटसुद्धा काही वेळ ओसरीवर पडून राही, आणि परगावाहून आलेल्या माणसाने अंगावरचे कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ फिरकायची सोय नव्हती. पण धायटीची वाळलेली लाल फुले कागदाच्या पुड्यातून आली की तशीच, धुळीसकट, काडीकचऱ्यासकट, काशीअत्याच्या कोठीच्या खोलीत जात. ती कोणी तोडली, कोणत्या डोंगरातून आली, किती जणांच्या हातून गेली, हे कोणी विचारत नसे. “फुलांस विटाळ नाही,” एवढेच अत्या म्हणे, आणि घरातला शेवटचा शब्द तिचाच असे.

काशीअत्या म्हणजे माझ्या अप्पांची थोरली बहीण. लग्न झाले तेव्हा ती परकरात होती, आणि परकरात असतानाच विधवा होऊन परत आली. मला आठवते ती आलवणातली, उंच, हाडकुळी, कोणाकडे बघून सहसा न हसणारी बाई. अप्पा तालुका कचेरीत होते आणि तिथे त्यांचा दरारा होता म्हणतात, पण घरी अत्या खाकरली तरी ते पेपर खाली ठेवीत. मेलवीदीतल्या आमच्या लोकांत, म्हणजे तंजावरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत, कोणाची लेक बाळंतपणाला आली की अत्याच्या अरिष्टाची, म्हणजे आंबवलेल्या औषधी काढ्याची, बाटली त्या घरी पोचायचीच. तिला स्वतःला मूल नव्हते. गल्लीतले प्रत्येक मूल मात्र तिच्या बरणीतले थोडेसे आईच्या दुधातून प्यालेले होते, आणि ती ते विसरू देत नसे.

हे मी ज्या मराठीत लिहिते आहे ती आमच्या घरची मराठी नव्हे. ही मी उशिरा, नोकरीतून मोकळी झाल्यावर, पुस्तके लावून शिकले. घरात आम्ही बोलत होतो ती वेगळी, जुन्या वळणाची आणि निम्मी तमिळ सुरात चालणारी. लिहायची वेळ आली की अप्पासुद्धा तमिळ किंवा इंग्रजी धरीत. तरी “धायटी” हा शब्द आमच्याकडे टिकून राहिला होता. दुकानात तिला काट्टात्तिप्पू म्हणत. आज घरात हा शब्द उच्चारला तर माझ्या नातवंडांना तो एखाद्या मावशीचे नाव वाटतो.

अरिष्ट करण्याचे दिवस मासी-पंगुणी या तमिळ महिन्यांतले, ऊन तापायला लागले की. त्याच दिवसांत कोवळ्या कैऱ्या येत, तेव्हा एकीकडे वडुमांग्याच्या लोणच्याचे मीठ-मोहरीचे वास आणि दुसरीकडे कोल्लीत, म्हणजे परसात, विटांच्या चुलीवर दहा मुळांचा काढा. पितळी हंड्यात तो दिवसभर रटरटायचा. कडवट, ओल्या लाकडासारखा वास साड्यांत, अंथरुणांत, पार दहीभातात जाऊन बसे. काढा आटून निवाला की गूळ, मध, आणि सगळ्यात शेवटी धायटी. बरणीच्या तोंडाला फडके, फडक्यावर ओल्या मातीची पट्टी, आणि मग ती बरणी साळीच्या पत्तायमात गळ्यापर्यंत पुरायची. पत्तायम म्हणजे लाकडी कोठार, आमच्या ओरत्तनाडूकडच्या शेताची साळ त्यात असे. आत नेहमी एक ऊब असायची.

आणि मग वाट बघायची. काही दिवसांनी अत्या सकाळच्या पूजेनंतर पत्तायमात उतरे, हाताने साळ बाजूला करी आणि बरणीच्या पोटाला कान लावी. “बोलते,” असे ती बाहेर येऊन म्हणाली की घर सैल होई. बरणी खरेच बोलत असे. मी ऐकले आहे. झाकणाखाली भाताला आधण येते तसा, अगदी दूरचा, बारीक आवाज. कान काढला की गेला. शेजारचे एक मास्तर दर साली याच सुमारास पोटदुखीने आजारी पडत आणि अत्याकडे औषध मागायला येत. राज्यात तेव्हा दारूबंदी होती. अप्पा त्यांना म्हणत, “पोट दुखतं की घसा?” अत्या मात्र गंभीर चेहऱ्याने चमचाभर देई आणि उरलेली बाटली कुलपात ठेवी.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवले. धायटीचे फूल मुलींना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. फुलाच्या मधाशी जंगलातले किण्व, म्हणजे यीस्ट, आधीच वस्तीला आलेले असते, वाऱ्याने, माश्यांनी आणलेले, आणि त्या किण्वाला पुढे पोसायला लागणारा खुराकही फुलातच असतो. बाहेरचे जे जे त्या फुलाला चिकटलेले असते त्यातच त्याचा गुण. धुतले की गेला. हे सगळे अत्याला कोणी सांगितले नव्हते आणि तिने विचारलेही नव्हते. तिला फक्त नियम माहीत होता.

मी सांगते आहे त्या वर्षी माझी शाळा संपली होती, कॉलेजात नाव घालायचे होते, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत मी घरात नुसती वावरत होते. सरोजाक्का, माझी थोरली बहीण, बाळंतपणाला आली होती. हे तिचे दुसरे. पहिले मूल पापनाशमला, सासरी, झाले होते. ते पूर्ण दिवसांचे होते, चांगले वजनदार होते, आणि ते रडले नाही. सुईणीने पालथे केले, चापट्या मारल्या, पाणी शिंपडले. ते रडलेच नाही. अक्काने त्याबद्दल मला एकदाच सांगितले, तेही असे: “सगळ्याजणी बोलत होत्या, अन् मग सगळ्याजणी बोलायच्या थांबल्या. तेव्हा मजला कळलं.” या खेपेला आईने हट्ट धरून तिला आधीपासून आमच्याकडे आणले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हिच्या अंगात रक्त नाही, हिने खाल्ले पाहिजे, नाहीतर दोघांचेही अवघड आहे.

त्या वर्षी बाजारातल्या दुकानात धायटी जुनी मिळाली, किडीने पोखरलेली. अत्याने ती तळहातावर चुरली, हुंगली आणि परत पाठवली. आता फुलांवाचून अडले. तेव्हा अप्पांना आठवले की शेतावर कामाला येणाऱ्या चेल्लम्माचे माहेर डोंगराकडचे आहे. तिला निरोप गेला, ती माहेरी जाऊन आली आणि एके दिवशी कोल्लीच्या दारात उभी राहिली. चाळिशीची, ठेंगणी बाई, डोक्यावर केळफुले नि शेवग्याच्या शेंगा, कमरेला फुलांचे गाठोडे. चेल्लम्मा आमच्याकडे येत असे ती कोल्लीपर्यंतच. तिने आपली वस्तू कपडे धुण्याच्या दगडावर ठेवायची, मागे सरायचे, मग आईने त्यावर पाणी शिंपडायचे आणि उचलायचे. हे इतके सवयीचे होते की त्यात कोणाला काही लागत असेल असे आम्हाला वाटतच नव्हते. तिला काय वाटत होते ते आम्ही कधी विचारले नाही.

फुले मात्र ताजी होती, अजून लाल. पाणी न शिंपडता अत्याने ती उचलली आणि आत नेली. काढा झाला, गूळ पडला, फुले पडली, बरणी पुरली. आम्ही वाट बघू लागलो.

बरणी बोलली नाही. दोन-चार दिवस अत्या काही म्हणाली नाही. मग ती दिवसातून दोनदा पत्तायमात उतरू लागली. मलाही एकदा नेले. माझे कान तरुण आहेत म्हणाली. मी कान लावला. साळीचा वास, बरणीचा गारवा, आणि काही नाही. अत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली तेव्हा तिने साळ परत सारली आणि त्यानंतर कितीतरी वेळ तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. तिला काहीतरी ठाऊक होते आणि ते ती सांगत नव्हती, हे मला तेव्हाच वाटले होते.

असल्या गोष्टी घरात लपत नाहीत. अक्का रोज विचारायची, “बोलली का?” आणि आई रोज काहीतरी दुसरेच बोलायची. मग अक्काने विचारणे सोडले. त्याबरोबर तिने जेवणही सोडले. पानावर बसायची, भात चिवडायची, हात धुवायची. आईने तिच्या आवडीची डांगर पच्चडी केली, उडदाचे भाजके पीठ घट्ट दह्यात कालवून, वर मोहरीची फोडणी. तिने बोट लावून ठेवून दिले. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून निजायची, पोटावर हात ठेवून. मी जवळ बसले तर म्हणाली, “कमळे, हेही उगीच आहे गं. बरणीसारखं.” मूल हालत होते. तिच्या साडीवरून मला दिसत होते. पण ते तिला सांगून काही उपयोग नव्हता.

अशात पापनाशमहून तिची सासू रेल्वेने आली, फळे, फुले, बांगड्या घेऊन. बाई दुष्ट नव्हती. पहिल्या वेळी तीच मूल हातात घेऊन बसली होती. मधल्या घरात सतरंजीवर सगळ्या बसल्या, अक्काला बांगड्या भरल्या, पान मांडले. बोलता बोलता विहीणबाईंनी विचारले, अरिष्ट लागले का. आईने वाढायला डाव उचलला. मग हळूच म्हणाली की या वेळी अजून काही सुरू झालेले नाही. विहीणबाईंनी उसासा सोडला.

“बरणीस आधी कळतं म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पोटात काय आहे तें.”

अक्काने पानावरचा हात उचलला. नव्या बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज झाला. ती उठायला लागली, जड अंगाने, जमिनीला हात टेकून. मला विहीणबाईंचा इतका राग आला की मी काहीतरी बोलणार होते. पण त्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काशीअत्या येऊन उभी राहिली. सोवळ्यात असताना ती त्या उंबऱ्याबाहेर कधी येत नसे. ती उंबरा ओलांडून आली आणि सतरंजीच्या कडेशी थांबली.

“बरणीस काही कळत नाही, विहीणबाई,” ती म्हणाली. “सरोजा, खाली बैस. ऐक. फुलं मी धुवून घातली.”

कोणाच्या काही लक्षात आले नाही. आईने विचारले, कोणती फुले. अत्याने एकेक शब्द सुटा करून सांगितले, आणि सांगताना ती फक्त अक्काकडे बघत होती. फुले चेल्लम्माने आणली होती. आजवर दुकानातला पुडा यायचा, त्यामागचा हात कधी दिसला नव्हता. या वेळी दिसला. गाठोडे घेऊन आत गेल्यावर तिला ते राहवेना. ती फुले सरोजाच्या पोटात जायची आहेत, पहिल्या वेळी असे झाले आहे, आता काही कमी-जास्त नको, असे मनात येत राहिले. तिने ती हळदीच्या पाण्यात बुडवली, उन्हात कडकडीत वाळवली आणि मग घातली. तिच्या आईने तिला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, धायटी धुवायची नाही. ती इतकी वर्षे पाळली आणि नेमकी आता मोडली.

“बरणी मुकी नव्हे,” ती म्हणाली. “मी तिचं तोंड बांधलं. तुझ्या लेकराचं त्यांत काही नाही.”

विहीणबाईंनी विचारले, चेल्लम्मा कोण. अत्याने तेही सांगितले, जातीसकट. मग विहीणबाई म्हणाल्या की त्या हातचे माझ्या सुनेला पाजणार होतात का.

“आपण आपल्या बाळंतपणांत प्यालांत,” अत्या म्हणाली, “त्याची फुलं कोणी तोडली होती?”

विहीणबाई म्हणाल्या, “हें मजसमोर सांगावयास नको होतं.” एवढेच म्हणाल्या. नको म्हणाल्या नाहीत, आणि हो सुद्धा नाही. त्या वाक्याचा मी पुढे कितीतरी वर्षे विचार करत राहिले. आमच्या सगळ्या सोवळ्याचे मर्म त्या बाईने एका वाक्यात सांगितले होते, आणि तेही सहज, वाईट वाटून.

अक्का उठता उठता अर्ध्यावर थांबली होती. ती परत बसली. तिचे डोळे भरलेले होते पण ती रडत नव्हती. तिने पान जवळ ओढले आणि आईला म्हणाली, “मजला दहीभात वाढ. भूक लागली आहे.” आईने दहीभाताचे पातेलेच उचलून आणले. आम्ही सगळे बसून तिचे जेवण बघत राहिलो, आणि तिने दोनदा मागून घेतले.

जुनी बरणी नारळाच्या मुळाशी ओतली. काढा पुन्हा चढला. चेल्लम्माला परत निरोप गेला. तिने थोडी फुले स्वतःच्या लेकीसाठी ठेवली होती, तिच्याही घरी पाळणा हलायचा होता. त्यातली निम्मी घेऊन ती आली आणि नेहमीप्रमाणे कपडे धुण्याच्या दगडाकडे वळली. अत्या कोल्लीच्या पायरीवर उभी होती. ती खाली उतरली, चेल्लम्माच्या समोर गेली आणि तिने आलवणाचा पदर दोन्ही हातांनी पसरला. चेल्लम्मा घाबरली. ती मागे सरली, तिने माझ्याकडे बघितले, आईकडे बघितले. अत्या तमिळमध्ये तिला म्हणाली, “घाल बाई. तुझ्या हातानं घाल.” चेल्लम्माने हात लांब करून, वरूनच, पदराला बोट लागणार नाही अशी काळजी घेत फुले सोडली. जपायची सवय तिलाही होती, आमच्यापेक्षा जास्त. अत्या तो पदर तसाच धरून, अंघोळ न करता, सरळ कोठीच्या खोलीत गेली. आई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

बरणी लवकरच बोलली. अत्याने या वेळी स्वतः कान लावला नाही. अक्काला हाताला धरून पत्तायमापाशी नेले, साळीत चटई घातली, तिला टेकवून बसवले. अक्काने कान लावला, आणि बराच वेळ काढला नाही. साळीचे दाणे तिच्या केसांत अडकले होते. “उगी राहा, रडू नको, ऐकूं येणार नाही,” अत्या म्हणाली, आणि ते दाणे एकेक वेचू लागली.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण तसे झाले नाही. पुढच्या वर्षी चेल्लम्मा आली तेव्हा दगड होता, पाणी शिंपडणे होते, सगळे होते. अत्या तिला दर साली अरिष्टाची एक बाटली देई, आणि रिकामी बाटली विटाळली म्हणून परत घेत नसे. धायटी आमच्या घरात पुन्हा कधी धुतली गेली नाही. ती तोडणाऱ्या हाताला मात्र आम्ही दगडापलीकडेच ठेवले, अप्पांनी, आईने, अत्याने, आणि घरातल्या आम्ही सगळ्यांनी. मी वर्गात किण्वाबद्दल बोलताना नेहमी म्हणे की बाहेरून आलेले आत घेतल्याशिवाय काही घडत नाही. मुली ते लिहून घेत. मला त्या वेळी कोल्लीतला तो दगड दिसत असे.

अक्काचे दिवस भरले तेव्हा बरणी उघडायला अजून अवकाश होता. पहाटेपासून कळा सुरू होत्या. नर्सबाई आली होती, मागची खोली बंद होती, आत आई आणि अत्या. अप्पा ओसरीवर बसले होते आणि पेपरचे पान उलटत नव्हते. ऊन चढले. आतून अक्काचा आवाज येत होता, नर्सबाईचा येत होता, आईचा येत होता. मग सगळ्याजणी बोलायच्या थांबल्या. मी बाहेर उभी होते, आणि अक्काने सांगितलेले मला आठवले. मला तिथे उभे राहवेना. पाणी आणायचे निमित्त करून मी घागर घेतली आणि कोल्लीत आले.

चेल्लम्मा तिथे होती. कधी आली होती कोणास ठाऊक. डोक्यावरची टोपली दगडाशी खाली ठेवलेली, तशीच, कोणी पाणी न शिंपडलेली. ती मागच्या खोलीच्या भिंतीशी, बाहेरून, उन्हात उभी होती. दोन्ही तळवे भिंतीला टेकलेले आणि कान भिंतीला लावलेला. आम्ही बरणीला लावायचो तसा. मी विहिरीच्या राटेला हात घातला तेव्हा तिने न वळता एक हात वर केला, आवाज करू नको म्हणून. मी घागर छातीशी धरून उभी राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हते. मग तिचे डोळे मिटले, आणि ती अगदी हळू म्हणाली, “अळुदुच्चु.” रडलं.

त्यानंतर ते मलाही ऐकू आले.